मशीनले पानी होतं का?

दिवाळी अंकासाठी लिहायचं तर काहीतरी गोड लिहा, असं आमचे जावई म्हणाले. मी सव्वीस वर्षं मॅंगनीजच्या खाणीत काढली. गोड काही आठवेना. जे आठवलं तेच लिहितो.

खाण आमच्या तुमसर तालुक्यातली. तिचं नाव लिहीत नाही, साहेबांचीही नावं लिहीत नाही. त्यांतले काही आता हयात नाहीत, आणि मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. बाकी जसं घडलं तसं लिहितो, माझ्या चुकीसकट.

मी मायनिंग मेट होतो. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं होतं, "मेट म्हणजे का असते? मुकादम?" मी म्हटलं, मुकादम काम करून घेतो, मेट माणसं जिवंत ठेवतो. त्यांना उत्तर आवडलं. पगार ऐकून थोडं कमी आवडलं.

मेटचं काम असं. पाळी सुरू होण्याआधी, कोणी खाली उतरायच्या आधी, मेट बत्ती आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन एकटा शिडीनं खाली जातो. जिथं जिथं आज माणसं काम करणार, तिथलं छत सब्बलीनं ठोकतो. चांगलं छत टणटण वाजतं. आतून सुटलेलं छत भद् वाजतं, सडक्या भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखं. भद् वाजलं की तो दगड आधी पाडायचा, मगच माणसांना आत घ्यायचं. शिड्यांच्या पायऱ्या पाहायच्या. कालच्या सुरुंगातला एखादा बार न फुटता राहिला का ते पाहायचं. मग वर येऊन रजिस्टरमध्ये लिहायचं की जागा सुरक्षित आहे, आणि खाली सही करायची. त्या रजिस्टरच्या पानांवर छापील आकडे असत, म्हणजे एखादं पान फाडलं तर लगेच कळेल. माझ्या सहीवर माणसं खाली उतरत.

माणसंही एकेक नमुना होती. झिबल नावाचा एक लोडर, म्हणजे माल भरणारा, होता. चैतात तो पाळी संपवून बोडक्या डोक्यानं गॅलरीतून, म्हणजे खालच्या बोगद्यातून, यायचा आणि हेल्मेट दोन्ही हातांत परातीसारखं धरलेलं. आत मोहफुलं. सकाळी येताना वेचलेली, दिवसभर खाली सांभाळलेली. एकदा मी ओरडलो, "झिबल, डोक्शावर घाल ते!" तो शांतपणे म्हणाला, "मेटबाबू, डोक्शात काई नाही ना. टोपीत फुलं तरी हायेत." मी हसलो, आणि त्याच्या नावावर ताकीद लिहिली. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

छतावरून पडणारा दगड डोळ्यांना दिसतो, म्हणून हेल्मेटसाठी ओरडता तरी येतं. धुळीचं तसं नाही.

दगडात सुरुंग भरायचा तर आधी भोकं पाडावी लागतात. ती जॅकहॅमरनं पाडतात. हवेच्या दाबावर चालणारं ते मशीन ड्रिलर पोटाशी, मांडीशी धरून उभा असतो आणि त्याचं सगळं अंग थरथरत असतं. मशीनच्या लोखंडी दांड्याला आतून बारीक भोक असतं. त्या भोकातून पाणी सोडलं की दगडाचा भुगा भिजून चिखल होतो आणि खाली ओघळतो. पाणी नसलं की तोच भुगा धूर होऊन ड्रिलरच्या तोंडावर येतो. मॅंगनीजची धूळ काळी असते. अशा जागेतून बाहेर आलेल्या माणसाचे फक्त डोळे आणि दात दिसत. थुंकी काळी. घरी गेल्यावर नाक शिंकरलं तरी काळं.

पाण्याशिवाय मशीन चालवायचं नाही, असा कायदा तेव्हाही होता. पण आमच्या सात नंबरच्या फेसपर्यंत, म्हणजे जिथं दगड फोडत पुढं जायचं त्या टोकापर्यंत, पाण्याची लाईनच पोचली नव्हती. पाईप येणार, पाईप येणार, असं फोरमनसाहेब दोन वर्षं सांगत होते. जिथं लाईन होती तिथं उन्हाळ्यात पंप बिघडायचा. आणि माल तर रोज पाहिजे. म्हणून सात नंबरात मशीन कोरडं चालत होतं.

रजिस्टरमध्ये एक रकाना होता: ड्रिलिंग ओलं की कोरडं. त्यात मी दोन वर्षं रोज 'ओलं' लिहिलं.

कोणी बंदूक लावली नव्हती. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाले, "लिख दो, कल पाईप आ ही रहा है." दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसासारखंच लिहिलं. त्यानंतर हात आपोआप लिहीत गेला.

सात नंबरचा ड्रिलर होता सुखदेव. आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्याचा. घरी थोडी धानाची शेती, पण याचा जीव मशीनवर. त्याच्यासारखं सरळ भोक पाडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि दंडारीत तो नाचायचा. आमच्या झाडीपट्टीत दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, बाईचं काम पुरुषच करतात. सुखदेव लुगडं नेसून उभा राहिला की त्याच्याच गावचे म्हातारे ओळखत नसत. त्याच्या पायांत असं काही होतं की घुंगरू आधी आणि ढोलकी मागून येते असं वाटायचं.

त्याची बायको सायत्राबाई. तीही खाणीवरच होती. बायांना खाली उतरायची परवानगी नव्हती, त्या वर उन्हात बसून हातोडीनं माल फोडत आणि चांगला-वाईट दगड वेगळा करत. बोलायला तिखट. तिच्या टोळीच्या मुकादमाला ती दिवसातून एकदा तरी रडकुंडीला आणायची.

आणीबाणी उठून दोनतीन वर्षं झाली असतील. त्या वर्षी दंडारीत सुखदेव पडला. नाचता नाचता गिरकी घेतली आणि लाकडासारखा मागं पडला. लोक हसले. तोही हसला. पण त्याचं हसू थांबेना. मग त्याचं चालणं बदललं. टाचा टेकेनात, चवड्यांवर उडत उडत चालायचा. पोरं त्याला कोंबडा म्हणू लागली. चेहरा असा झाला की जणू कोणी वरून माती लिंपलीय. राग नाही, आनंद नाही. शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयतीला गेला आणि तिथं खदखदून हसला, तेव्हा लोकांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

सगळे म्हणाले, मोहाची दारू. मीही तेच म्हणालो. झोकांड्या खाणारा माणूस दिसला की आपल्याकडं दुसरं काही सुचतच नाही.

एक दिवस हाजरीच्या वेळी तो फोरमनच्या अंगावर कोलमडला. फोरमननं तिथंच लिहून दिलं. दोन दिवसांनी हाजरीघराच्या फळ्यावर नोटीस लागली: सुखदेव कामावर दारू पिऊन आला, चौकशी होईपर्यंत निलंबित, नोकरीवरून का काढू नये याचा खुलासा द्यावा. येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचत होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीचे वाचून दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत रजिस्टर घेऊन उभा होतो. त्यांची सही लागायची. फोरमनही होते. तेवढ्यात दार उघडलं आणि सायत्राबाई आत आली. एका हातानं तिनं सुखदेवला धरलं होतं. मागं शिपाई "अवं बाई, अवं बाई" करत होता.

तिनं सुखदेवला टेबलापाशी आणून उभं केलं आणि म्हणाली, "साहेब, उठा. यायच्या तोंडाचा वास घ्या."

साहेब गडबडले. "ये क्या तमाशा है?"

"तमाशा तुमी फळ्यावर लावला. मी वास घ्या म्हणून राहिली. माह्या मालकानं जलमात दारूले हात नाही लावला. घ्या ना वास. काहून भेता?"

सुखदेव पुतळ्यासारखा उभा. तोंडाच्या कडेनं लाळ गळत होती, ती तिनं पदरानं पुसली. साहेब उठले नाहीत. फोरमन म्हणाले, "सबेरे सबेरे थोडेही पीता है कोई. वो तो—"

ती त्यांच्याकडं वळलीच नाही. माझ्याकडं वळली.

"मेटबाबू, तुमी खाली असता. तुमीच सांगा. यायच्या मशीनले पानी होतं का?"

मला वाटतं, हे दारूचं नाही, धुळीचं आहे, हा या प्रश्नाचा अर्थ त्या खोलीत कळलेली तेव्हा दोनच माणसं होती. ती आणि मी. तिला कोणी शिकवलं नव्हतं. रोज काळं थुंकणाऱ्या नवऱ्याचे कपडे तीच धूत होती.

रजिस्टर माझ्या हातात होतं. मी खाली पाहिलं.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग सुखदेवला घेऊन निघून गेली. त्या दिवशीच्या पानावर साहेबांनी सही केली. त्या पानावरही 'ओलं' लिहिलेलं होतं.

संध्याकाळी घरी जेवताना मी बाबांना सांगितलं. बाबा त्याच खाणीत लोडर होते, मजुरीच्या कागदावर जन्मभर अंगठा उठवलेले. छप्पन साली त्यांनी नागपूरला जाऊन धम्म घेतला आणि परत आल्यावर पहिलं काम म्हणजे मला शाळेत नेऊन बसवलं. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. माझं मेटचं सर्टिफिकेट आलं तेव्हा ते मोहल्ल्यात घरोघर घेऊन फिरले होते.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तू खोटं लिहून राहिला."

"बाबा, सगळेच लिहितात."

"मी अंगठा लावत होतो, तवा वर का लिहिलं हाय ते मले समजत नव्हतं. तुले तं समजते ना?" एवढं बोलून ते हात धुवायला उठले. ताटात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा खाली गेलो. सात नंबरचं छत ठोकलं, चांगलं वाजलं. वर येऊन लिहिलं: "फेस नंबर सात. पाण्याची लाईन नाही. ड्रिलिंग कोरडं. जागा कामास अयोग्य. मशीन बंद ठेवलं आहे." खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी. मग परत खाली जाऊन हवेचा कॉक बंद केला आणि सुखदेवच्या जागी लावलेल्या ड्रिलरला सांगितलं, "पाणी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही."

तासाभरात फोरमन आले. आधी समजावलं, मग ओरडले. कॉक उघडायला पुढं झाले तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. म्हटलं, "उघडा. पण रजिस्टरमध्ये तुम्ही लिहा की मेटनं बंद केलेली जागा मी चालू केली, आणि सही करा." त्यांचा हात थांबला. बिनसहीचं धैर्य पुष्कळांना असतं.

दुपारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. ते काही राक्षस नव्हते. त्यांच्यावर वरून मालाचा दबाव होता. समोर रजिस्टर उघडं होतं. त्यांना त्या नोंदीखाली सही करायची होती, आणि सही केली म्हणजे त्यांना माहीत होतं असं झालं.

"मेश्राम," ते म्हणाले, "मागची पानं पाहिली आहेत का? दोन वर्षं तुम्हीच 'ओलं' लिहिलंय. आज हे खरं ठरलं तर आधी तुम्ही खोटे ठरता. तुमचं सर्टिफिकेट जाईल. आमचं काय, बदली होईल. खोडून नीट लिहा. मी काही पाहिलं नाही."

बरोबर बोलत होते. मला ते आधीच कळलं होतं, म्हणूनच तर दोन वर्षं गेली होती.

मी म्हटलं, "खोडत नाही साहेब. मागचं खोटं आहे, हे मीच लिहून देतो."

"कुणाला?"

"ज्याला द्यायचं त्याला."

दुसऱ्या दिवसापासून मला खालून काढून वरच्या दगडांच्या ढिगाऱ्यावर ट्रक मोजायला बसवलं. फोरमननं सगळ्यांना सांगितलं की मेश्रामचं डोकं फिरलंय. काही जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं, कारण सात नंबर बंद म्हणजे त्यांचाही माल कमी, आणि माल कमी म्हणजे मजुरी कमी. मी ढिगाऱ्यावर बसून तिथंच, ट्रकच्या दोन खेपांच्या मध्ये, खाणींच्या सरकारी इन्स्पेक्टरला पत्र लिहिलं. त्यात पहिलं वाक्य माझ्याविषयी होतं: मी, खाली सही करणारा मेट, दोन वर्षं खोटी नोंद करत आलो आहे. दुसरं वाक्य सुखदेवविषयी.

पत्र टाकून मी आमच्या खाणीच्या दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टर नवाच आला होता. त्याला म्हटलं, एकदा सुखदेवला पाहा. तो म्हणाला, बोलवा. सायत्राबाईकडं जायला मला लाज वाटत होती, तरी गेलो. तिनं मला बसा म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतो आमी. तुमच्यासाठी नाही."

डॉक्टरनं सुखदेवला चालायला लावलं. मागं चालायला लावलं, तसा तो पडला. कागदावर रेघ ओढायला सांगितली, ती मुंगीच्या वाटेसारखी बारीक होत गेली. बोट नाकाला लावायला सांगितलं. मग विचारलं, काम काय करत होता, किती वर्षं, पाणी होतं का. पाण्याचं उत्तर या वेळी मी दिलं.

डॉक्टर बराच वेळ पुस्तक चाळत बसला. मग म्हणाला, "ही दारू नाही. हे मॅंगनीज आहे. मेंदूत गेलंय." त्यानं नागपूरला मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. सायत्राबाईनं विचारलं, "बरं होईन ना?" तो म्हणाला, "वाढणार नाही असं पाहू." तिला त्यातलं न बोललेलं समजलं. ती पदर सावरून उठली.

पाऊस लागायच्या आत इन्स्पेक्टर आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी रजिस्टर मागवलं, पानं मोजली, आणि मला घेऊन सात नंबरात उतरले. भिंतीवरून बोट फिरवलं. बोट काळं. पाईप कुठं संपतो ते पावलं टाकून मोजलं. वर आल्यावर मला एवढंच विचारलं, "पत्र तुमचं?"

"होय साहेब."

"तुमच्यावरही कारवाई होईल."

"होऊ द्या."

झाली. माझं सर्टिफिकेट सहा महिने निलंबित झालं. तो कागद मी आजही जपून ठेवला आहे, मला मिळालेल्या सुरक्षा सप्ताहाच्या बक्षिसांच्या वर. बक्षिसं मी न केलेल्या चुकांबद्दल मिळाली. हा कागद केलेल्या चुकीचा आहे आणि तो मी स्वतः मागून घेतला. सात नंबरात महिन्याभरात पाण्याची लाईन आली. दोन वर्षं न मिळालेले पाईप कुठून आले, देव जाणे. फोरमनची बदली झाली. मॅनेजरसाहेबांचं काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. कंपनीनं सुखदेववरचा आरोप मागं घेतला आणि त्याला बत्तीघरात, म्हणजे खाणीच्या बत्त्या पुसून ठेवतात त्या खोलीत, हलकं काम देण्याचं पत्र काढलं. पत्र घ्यायला नवराबायको ऑफिसात आले. बाबूनं पत्र पुढं केलं, "घ्या बाई, झालं तुमचं काम."

सायत्राबाईनं पत्र घेतलं नाही. "यात का लिहिलं हाय?"

"आरोप मागं घेतला म्हणून."

"मंग इथं काहून देऊन राहिले? दारुड्या म्हणून फळ्यावर लावलं होतं ना? साऱ्या खाणीनं वाचलं. आता हेही साऱ्या खाणीले ऐकू द्या."

बाबू साहेबांकडं गेला. नवे मॅनेजर आले होते, त्यांनी आत काय म्हटलं कोण जाणे, पण पाळी बदलायच्या वेळी हाजरीघरासमोर सगळे उभे असताना बाबू पत्र घेऊन बाहेर आला. सायत्राबाईनं हात आडवा केला. "तुमी नाही. मेश्राम मेट वाचतीन. त्या दिवशी त्याइचा आवाज नव्हता निंगला."

मी गर्दीतून पुढं झालो. पत्र घेतलं आणि वाचलं. सुखदेव दारू प्यालेला नव्हता. त्याला खाणीच्या धुळीचा आजार झालेला आहे. आरोप मागं घेण्यात येत आहे.

वाचून थांबलो, तर ती म्हणाली, "मागच्याइले ऐकू नाही आलं."

मी पुन्हा वाचलं. या वेळी घसा फाटेपर्यंत. सुखदेव तिच्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा हलत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तिनं पुसलं नाही.

तो बरा झाला नाही. बत्तीघरात त्याच्या हातून काचा फुटत, तरी तिथल्या लोकांनी सांभाळून घेतलं. पुढं घरीच बसला. दंडार असली की सायत्राबाई त्याला पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवायची. मी तिच्याकडं दरवर्षी जात राहिलो. पाचव्या वर्षी कधीतरी ती म्हणाली, "बसा."

मी 'ओलं' लिहिलेल्या दोन वर्षांत आणखी किती जणांच्या अंगात ती धूळ गेली, मला माहीत नाही. काही जण निवृत्त होऊन गावी गेले. कोणाचा हात थरथरतो असं कानावर आलं की मी आजही विचारतो, कोणत्या फेसवर होता?

सहा महिन्यांनी मी परत खाली गेलो. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस पंप बिघडला. वर कळताच मी भांडणाची तयारी करून सात नंबराकडं निघालो. वाटेत नवे फोरमन भेटले, लालेलाल झालेले. दोघं बरोबरच पोचलो. चार ड्रिलर मशीन खाली ठेवून भिंतीला टेकून बसले होते. एक जण तंबाखू मळत होता. हवेचा कॉक बंद.

फोरमन माझ्याकडं वळले. "हे तुम्ही शिकवलं?"

"मी तर तुमच्याबरोबरच आलो."

"काय रे, काम का बंद?"

तंबाखू मळणारा उठलाही नाही. म्हणाला, "पानी बंद हाय, साहेब."

"पाळी मांडणार नाही आजची, मजुरी बुडेल. घरी जा मग चालत!"

"जातो ना," तो म्हणाला. "आमाले अजून सरळ चालता येते."

पाणी तीन वाजता आलं. तोवर कोणी उठलं नाही.